जुनी पिकअप किती देते? : प्रस्तावना

जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरच्या पलीकडे मुहाना मंडी आहे. दिवस उजाडायच्या आत चौमू, बस्सी, दूदू या बाजूंनी भाजीने भरलेल्या पिकअप तिथे येऊन लागतात आणि ऊन चढेपर्यंत रिकाम्या होऊन परतीच्या भाड्याची वाट पाहत उभ्या राहतात. त्यांतल्या कितीतरी गाड्या दहा-पंधरा वर्षे जुन्या असतात. कर्जाचे हप्ते फिटलेले, ड्रायव्हर म्हणजे बहुतेक वेळा मालक स्वतःच. अशा गाडीच्या खर्चात डिझेलइतके मोठे दुसरे कलम नसते. तरी ती लिटरमागे किती चालते हे विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. गाडी विकणारा पंधरा सांगतो, मिस्त्री तेरा म्हणतो, तशीच गाडी चालवणारा शेजारी अकरावर ठाम असतो. तिघेही खरे बोलत असू शकतात. हे कसे, ते उलगडण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्याची ओळख करून देताना मला मनापासून आनंद होतो, कारण ज्या आकड्यावर एवढ्या कुटुंबांचा महिना ठरतो, त्याची इतकी बारकाईने केलेली चौकशी मराठीत माझ्या पाहण्यात नव्हती.

पुस्तक मराठीत आणि नोंदी जयपूरच्या, हे कुणाला खटकेल. पण या गाड्यांचे कूळ पाहिले की ते खटकणार नाही. राजस्थानच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पिकअपचा जन्म बहुतांशी महाराष्ट्रात झाला आहे. टेल्कोने १९८८ मध्ये ‘टाटा मोबाइल २०६’ बाजारात आणली ती पुण्याहून. पुढे तिच्याच पायावर सिएरा आणि इस्टेट उभ्या राहिल्या आणि मालवाहतुकीच्या बाजूला २०७ डीआय आली. महिंद्राने प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिने बनवायला घेतली ती इगतपुरीच्या कारखान्यात, आणि बोलेरोचे नाव नाशिकशी कायमचे जोडले गेले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्सही याच पिढीतली. या इंजिनांच्या पोटातले जे दोन भाग डिझेलचा थेंब न् थेंब मोजून आत सोडतात, त्या नोझल आणि पंपाची गोष्ट तर या पुस्तकाला फारच जवळची आहे. नोझल नाशिकजवळ सातपूरला, मायको म्हणजे आजच्या बॉशच्या कारखान्यात बनत आल्या. हलक्या डिझेल गाड्यांचा मेकॅनिकल डिस्ट्रिब्यूटर पंप बनवण्यासाठी त्याच कंपनीने १९९९ मध्ये जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीत कारखाना सुरू केला. म्हणजे एखाद्या जुन्या पिकअपचे बॉनेट उघडले तर नाशिक आणि जयपूर हातभर अंतरावर शेजारी सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आणि वापर? तो राजस्थानात जितका कसून होतो तितका क्वचितच कुठे होत असेल. पुढे दोन रांगा आणि मागे हौदा असलेली बोलेरो कॅम्पर तिथल्या गावांत कुटुंबाची गाडी आहे, शेताची आहे आणि वरातीचीही आहे. स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन या मध्यम आकाराच्या पिकअप महाराष्ट्रात दुर्मीळ झाल्या, तरी शेखावाटीकडून येणाऱ्या रस्त्यांवर अजून नेटाने चालताना दिसतात. खजानेवालों का रास्ता या गल्लीतून संगमरवरी मूर्ती निघतात, बगरू आणि सांगानेरहून छापील कापडाचे गठ्ठे निघतात, किशनगढहून फरश्या येतात, सांभरहून मीठ येते. प्रत्येक मालाचे वजन वेगळे, आकार वेगळा, रस्ता वेगळा. ॲव्हरेजचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगले ठिकाण मिळाले नसते.

नवख्या वाचकासाठी आधी या गाड्यांच्या पिढ्या सांगतो, कारण ‘जुनी पिकअप’ म्हणताना आपण तीन वेगळ्या जातींची इंजिने एकाच नावाखाली मोजतो. पहिली पिढी पूर्वकक्षाच्या डिझेलची. तिच्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता बाजूच्या छोट्या कक्षात फवारले जाई आणि तिथून पेटत मुख्य कक्षात येई. इंजिन मवाळ चाले, पण त्या कक्षाच्या भिंतींतून उष्णता वाया जाई. टाटा मोबाइल आणि प्यूजो जातीची महिंद्रा इंजिने ही या पिढीची. दुसरी पिढी थेट फवाऱ्याची, म्हणजे ‘डीआय’. २०७ च्या नावामागे ती दोन अक्षरे मिरवली गेली ती उगाच नव्हे. एवढ्या एका बदलाने डिझेलची दहा-पंधरा टक्के बचत होते. महिंद्राचे अडीच लिटरचे डीआय इंजिन आणि टाटाचे सुमारे तीन लिटरचे, या दोघांनी उत्तर भारतातला छोट्या मालवाहतुकीचा धंदा वर्षानुवर्षे ओढला. तिसरी पिढी कॉमन रेलची. तिच्यात फवारा किती, केव्हा आणि किती दाबाने हे संगणक ठरवतो. स्कॉर्पिओच्या सीआरडीई इंजिनापासून ती घरोघर पोचली, आणि गेटअवे व झेनॉनचे २.२ लिटरचे इंजिन याच वंशाचे.

पिढी बदलली की आजारही बदलतात, आणि हे न ओळखल्यामुळे वर्कशॉपमध्ये अनेकांचे पैसे वाया जातात. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला आत किती हवा आली हे कळत नाही. पॅडल जेवढे दाबले तेवढे डिझेल पंप देतो. राजस्थानच्या धुळीने एअर फिल्टर चोंदला, हवा कमी पडली, तरी डिझेल तेवढेच जाते. मग ते अर्धवट जळते, काळा धूर होऊन बाहेर पडते आणि ताकद मिळत नाही म्हणून ड्रायव्हर पॅडल आणखी दाबतो. कॉमन रेलच्या गाडीत हवेची मोजणी असते, तिथे तोच चोंदलेला फिल्टर ॲव्हरेजपेक्षा आधी ओढ मारतो. त्यामुळे ‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला एका गाडीला तंतोतंत लागू पडतो आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला जवळपास नाही.

आता मोजणीकडे येऊ. ॲव्हरेज मोजण्याच्या तीन वाटा जगात रूढ झाल्या आणि तिन्ही वाटांची माणसे एकमेकांकडे थोड्या संशयाने पाहतात.

पहिली वाट प्रयोगशाळेची. आपल्याकडे तिचे घर पुण्यात वेताळ टेकडीवर आहे: १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय. तिथे गाडी रुळांवर चढवतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. सुमारे वीस मिनिटांचे ठरलेले चक्र असते: सुरू करा, वेग घ्या, थांबा, पुन्हा निघा, शेवटी थोडा वेळ वेगात चला. कमाल वेग ताशी ९०. इंधनही टाकीतून मोजत नाहीत. धुरातला कार्बन मोजून किती इंधन जळले असेल ते काढतात. खोलीचे तापमान ठरलेले, एसी बंद, आणि वजन म्हणाल तर रिकामी गाडी अधिक एका-दोघा माणसांइतका भार. गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी ही पद्धत अतिशय उपयोगी आहे, कारण सगळ्यांना तीच परीक्षा असते. पण दीड टन फरश्या घेऊन किशनगढहून निघालेल्या पिकअपने मे महिन्याच्या उन्हात किती द्यावे, हे त्या परीक्षेने सांगायचेच नसते. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

अमेरिकेला ही गोष्ट अधिकृतपणे मान्य करावी लागली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ च्या कायद्याने तिथे गाड्यांच्या इंधनवापरावर बंधने आली आणि पिकअपसारख्या हलक्या ट्रकना वेगळे, सैल मोजमाप मिळाले. ग्राहकांना लेबलवरचा आकडा रस्त्यावर मिळेना. म्हणून १९८५ च्या मॉडेलांपासून शहरातला आकडा १० टक्क्यांनी आणि हायवेचा २२ टक्क्यांनी खाली आणून छापू लागले. २००८ मध्ये पद्धत पुन्हा बदलली. वेग, एसी, थंडी यांचा हिशेब आत आला आणि जुन्या गाड्यांचे आकडेही नव्या पद्धतीने फेरमांडणी करून दिले. तिथला गॅलनला वीस मैलांचा आकडा आपल्या भाषेत लिटरला साडेआठ किलोमीटर होतो. जुन्या पेट्रोल पिकअपला तिथे तो आकडा वाईट मानत नाहीत, हे आपल्या डिझेलवाल्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

दुसरी वाट रस्त्याची आणि वहीची. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, गाडी चालवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. सोपे दिसते, आणि म्हणूनच इथे चुका जास्त होतात. डिझेलला फेस येतो; एका पंपावर नोझल आधी बंद होते, दुसऱ्यावर उशिरा. चाळीस लिटरच्या टाकीत दीड-दोन लिटरचा फरक पडला तरी उत्तर चार-पाच टक्क्यांनी हलते, म्हणजे बारा देणारी गाडी साडेअकरा किंवा साडेबारा दिसते. दिल्लीच्या फेऱ्या मारणारे बरेच जण शाहजहांपूरची सीमा ओलांडून हरियाणात डिझेल भरतात, कारण तिथे कर कमी. पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचे, पण एक टाकी इकडची आणि एक तिकडची असली की वहीतला हिशेब डळमळतो. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचीच सूट आहे, हे किती जणांना माहीत असते?

किलोमीटरचा आकडाही निर्दोष नाही. गाडीचे मीटर चाकाचे फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. सुमारे सत्तर सेंटिमीटर व्यासाचा टायर आठ मिलिमीटर झिजला की तो दोन टक्क्यांहून अधिक लहान होतो. फेरे जास्त पडतात, मीटर पुढे धावते आणि ॲव्हरेज आहे त्यापेक्षा चांगले दिसते. उलट मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले, आणि राजस्थानात ही हौस भरपूर आहे, की तीच गाडी एका रात्रीत कमी देऊ लागल्यासारखी वाटते. मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री डिझेलला. पुस्तकात या एका मुद्द्यावर लेखकाने जे श्रम घेतले आहेत ते मला फार मोलाचे वाटतात.

तिसरी वाट धंद्याच्या हिशेबाची. ट्रान्सपोर्टनगरमधल्या जाणत्या माणसाला गाडी किती चालली यापेक्षा माल किती हलला यात रस असतो. रिकामी गाडी चौदा देते आणि दीड टन घेऊन दहा देते. म्हणून रिकामी गाडी चांगली असे तो म्हणत नाही. लिटरमागे पंधरा टन-किलोमीटर काम झाले, असे तो पाहतो, आणि परतीची रिकामी फेरी त्यात मिळवून घेतो. जाताना दहा आणि येताना चौदा म्हणजे सरासरी बारा, असे तोंडी हिशेब करणारे म्हणतात. प्रत्यक्षात शंभर किलोमीटर जायला दहा लिटर, यायला सात लिटरहून थोडे जास्त. म्हणजे सरासरी भरते ११.७ च्या आसपास. फरक छोटा आहे, पण वर्षभर गाडी पळाली की तो छोटा राहत नाही.

याच वाटेवर जास्त भाराचा मोह उभा असतो, आणि तो नाकारून चालत नाही. अडीच टन घातले आणि गाडीने साडेआठ दिले, तर लिटरमागे काम एकवीस टन-किलोमीटर होते. नुसत्या डिझेलच्या वहीत हे यश दिसते. पाटे, क्लच प्लेट, मागचा ॲक्सल, ब्रेक यांची वही वेगळी ठेवली नाही तर ते यशच वाटत राहते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर जास्त भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. आणि उतारावर न थांबणाऱ्या गाडीचा दंड पैशांत भरता येत नाही. जास्त भाराच्या जोरावर मिळालेल्या आकड्याला लेखक ॲव्हरेज मानत नाहीत, आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

या तिन्ही वाटांच्या खाली एकच विज्ञान आहे, आणि ते शाळेत शिकलेल्या गणिताच्या पलीकडचे नाही. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात: टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध. पहिली ओढ वजनाबरोबर वाढते आणि वेगाने फारशी बदलत नाही. दुसरीला वजनाशी देणेघेणे नाही. ती समोरच्या क्षेत्रफळाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. आता दोन पिकअप घ्या. एकीत दीड टन संगमरवर आहे, हौद्याच्या फळीखाली बसलेला. दुसरीत गव्हाची तूडी, म्हणजे भुसा, आहे, गाडीच्या दुप्पट फुगलेली, वजनाला थोडी. ढोबळ गणित मांडले तर संगमरवरामुळे गाडीला साधारण १७५ न्यूटन जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे अठरा किलो वजन तोलून धरण्याइतका. समोरचे क्षेत्रफळ तीनवरून पाच चौरस मीटर झाले असेल, तर तूडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवूनही ताशी साठला जास्तीचा जोर जवळपास तेवढाच निघतो. ताशी ऐंशीला मात्र संगमरवराचा जोर तिथेच राहतो आणि तूडीचा ३१० न्यूटनच्या वर जातो. ज्या मालाला ड्रायव्हर हलका म्हणून पळवतो, तो माल त्याचे डिझेल अधिक पितो. ताडपत्री सैल बांधली, हौद्यावर उंच जाळी तशीच ठेवून रिकामी गाडी पळवली, तरी हाच नियम कमी प्रमाणात लागू होतो.

वेगाचा हिशेब अजून स्पष्ट आहे. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि तिचा पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरू. एकूण तीन टन वजनाच्या पिकअपला ताशी साठने चौदा-साडेचौदा किलोमीटर मिळायला हवेत. तीच गाडी नव्वदने नेली आणि बाकी सारे तेच राहिले, तर साडेनऊ. चांगला रस्ता इंधन वाचवतो असे आपण सहज म्हणतो. जयपूरभोवतीच्या नव्या रुंद रस्त्यांवर ते निम्मेच खरे ठरते, कारण रस्ता जे वाचवतो ते वेग खाऊन टाकतो. परकोट्याच्या आत, चांदपोल ते जौहरी बाजार या पट्ट्यात उलटा प्रकार आहे. तिथे हवेचा विरोध नाममात्र, पण प्रत्येक वेळी ब्रेकमध्ये गेलेला वेग पुन्हा डिझेलनेच विकत घ्यावा लागतो, आणि उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज जाळते. मंडीच्या रांगेत तासभर इंजिन चालू ठेवणाऱ्याच्या सहा-आठ किलोमीटरच्या चालण्याचे डिझेल जागच्या जागी संपलेले असते.

मिस्त्रींच्या ज्ञानाला या क्षेत्रात मानाचे स्थान आहे आणि पुस्तकाने ते दिले आहे. नोझलचा फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते हे डोळ्यांनी ओळखणारा, फेरी संपल्यावर हबला हात लावून कुठला ब्रेक घासतो ते सांगणारा माणूस कोणत्याही मीटरइतका खरा असतो. पण वर्कशॉपमधल्या काही रूढी तपासून पाहायला हव्यात. राजस्थानच्या उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सर्रास आहे. तापण्याचे खरे कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा असते. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन हिवाळ्यात, आणि छोट्या फेऱ्यांत तर बाराही महिने, नीट गरम होत नाही आणि डिझेल जास्त खाते. उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचेही तसेच. गिअरमध्ये असताना पॅडल सोडले की पंप डिझेल जवळपास बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते द्यावे लागते. बचत तर होत नाहीच, वर इंजिनचा ब्रेक हातचा जातो.

राहिला चालकाचा पाय. अमेरिकेत १९३६ ते १९६८ या काळात मोबिल इकॉनॉमी रन नावाची स्पर्धा चाले. बाजारातल्याच गाड्या निष्णात चालकांच्या हाती देऊन कोण कमी इंधनात लांब जातो हे पाहत. तिथले आकडे सामान्य ग्राहकाला कधी मिळत नसत. तरी त्या स्पर्धेने एक गोष्ट लोकांसमोर ठेवली: गाडी तीच, इंधन तेच, पाय बदलला की आकडा बदलतो. आपल्याकडे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशननेही चालकाच्या सवयींवर भर दिला. सरकारी भिंतींवरचे ते सल्ले आपण वाचून सोडून देतो. जुन्या गाडीच्या मालकासाठी त्यांपैकी बरेच रोख पैशांचे आहेत.

हा विषय आजच का महत्त्वाचा? जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर महिन्याला थोडे थोडे वाढू दिले गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने दरांवरचे नियंत्रण सोडले आणि जून २०१७ पासून ते रोज ठरू लागले. राजस्थानच्याच श्रीगंगानगरमध्ये २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि काही महिन्यांत डिझेलनेही. स्वस्त डिझेलच्या आधारावर ज्यांनी धंदा उभारला, त्यांच्यासाठी लिटरमागचा एक किलोमीटर पूर्वी चर्चेचा विषय होता, आता तो नफ्यातोट्याचा आहे. याच काळात धुराचे नियमही कडक झाले. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर आले, एप्रिल २०२० मध्ये थेट बीएस-६. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. राजस्थानचे अलवर आणि भरतपूर त्या परिसरात मोडतात, जयपूर मोडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आले. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागतेच. ठेवावी की मोडीत काढावी, हा प्रश्न आज प्रत्येक जुन्या पिकअपच्या मालकासमोर आहे.

आणि इथेच किलोमीटर-प्रति-लिटर या मापाची मोठी फसगत समोर येते. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ती दाखवून दिली. आठवरून दहावर जाणे आणि चौदावरून सतरावर जाणे यांत दुसरी उडी मोठी वाटते. शंभर किलोमीटरचे डिझेल मोजा: पहिल्यात अडीच लिटर वाचतात, दुसऱ्यात सव्वा. आता मुहाना मंडीतल्या आपल्या माणसाचा हिशेब करू. महिन्याला तीन हजार किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले. नवी गाडी चौदा देते, जुनी अकरा. नव्या गाडीने महिन्याला सुमारे ५,२५० रुपये वाचतील, आणि त्यात तिचा हप्ता निघणार नाही. पण त्याची जुनी गाडी खरे तर साडेनऊच देत असेल आणि नोझल, ब्रेक, टायरची हवा व वेग यांकडे लक्ष देऊन ती अकरावर आली, तर जवळपास ३,९०० रुपये महिन्याला त्याच गाडीतून वाचतात. सर्वांत मोठी बचत सर्वांत वाईट अवस्थेतल्या गाडीत दडलेली असते. ती शोधायला आधी गाडीची स्वतःची नोंद हवी, आणि या पुस्तकाचा सारा आग्रह त्या नोंदीचा आहे.

एक गोष्ट मात्र लेखकाबरोबर मलाही ठासून सांगायची आहे. चांगले ॲव्हरेज म्हणजे स्वच्छ गाडी नव्हे. जुनी डीआय गाडी डिझेल जपून वापरत असेल, तरी बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी जी गाळणी असते ती तिच्यात नाही. बीएस-२ च्या काळी डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात ५०० भाग होती, आज ती १० आहे. नवे डिझेल जुन्या गाडीत घातल्याने धूर थोडा निवळतो, पण गाळणी येत नाही. तो धूर मंडीतला हमाल आणि गाडीमागे बसलेला शाळकरी मुलगा श्वासात घेतात. जुनी गाडी नीट ठेवण्याचा पुरस्कार करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

सरकारी मोजमापात पिकअपकडे झालेले दुर्लक्षही नोंदवायला हवे. प्रवासी मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर २०१७-१८ पासून मर्यादा आल्या, २०२२-२३ पासून त्या आणखी कडक झाल्या. मालवाहू पिकअप मात्र त्या चौकटीच्या बाहेर ठेवल्या गेल्या. जिचा मालक डिझेलच्या दराने सर्वांत जास्त होरपळतो, तिच्या इंधनवापराबद्दल सर्वांत कमी अधिकृत माहिती उपलब्ध असावी, ही स्थिती मला खरोखर सलते. ही उणीव सामान्य मालकांच्या वह्या काही प्रमाणात तरी भरून काढतील, अशी या पुस्तकामागची धारणा आहे.

म्हणून हे पुस्तक ‘अमुक गाडी अमुक देते’ असा तक्ता देत नाही. ज्यांना एकच आकडा हवा आहे त्यांची सुरुवातीला निराशा होईल. सुस्थितीतल्या अडीच-तीन लिटर डिझेल पिकअपकडून मिश्र वापरात दहा ते तेराची अपेक्षा धरावी, असे मीही सांगेन. पण त्या दहा आणि तेरामध्ये जे तीन किलोमीटर आहेत ते कशाने जातात आणि कशाने परत येतात, हाच इथला विषय आहे. लेखकाने प्रयोगशाळेला कमी लेखलेले नाही आणि मिस्त्रीला देव्हाऱ्यातही बसवलेले नाही. दोघांचे म्हणणे मालकाच्या वहीसमोर ठेवून पाहिले आहे. गणित जिथे आले तिथे आकडे रस्त्यावरचे आहेत आणि चिन्हे कमीत कमी. सीएनजी आणि विजेवरच्या पिकअप मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. त्यांचे मोजमाप वेगळे आहे आणि जुन्या म्हणाव्यात इतक्या त्या अजून चाललेल्या नाहीत.

गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाने टायर आणि मीटरवरचा भाग आधी वाचावा, कारण विक्रेत्याचा आकडा तिथेच तपासता येतो. ज्याच्या दारात गाडी आधीच उभी आहे त्याने नोंदींच्या भागापासून सुरुवात करावी, आणि पहिली टाकी भरण्याआधी टायरवर खडूची खूण करून, नेहमीचा भार घालून, चाकाच्या दहा फेऱ्यांत गाडी किती मीटर जाते ते टेपने मोजून घ्यावे.